किती झाले

औषधांच्या दुकानापासून
चर्चच्या मागच्या दारापर्यंत एकशे बारा पावलं.
मी मोजलीत.
त्या हिवाळ्यात सतरा वेळा मोजली
आणि सतराही वेळा परत वळून
औषधांच्या दुकानातच शिरले,
खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी गेले.
खोकला नव्हताच.

म्हणून या गुरुवारी, तळघराच्या खिडकीतून,
तेच बूट तिसऱ्यांदा जाताना दिसले
तेव्हा मी किटलीत
एका कपाचं पाणी वाढवलं.

वाऊबझिखमध्ये खाणी बंद होऊन जमाना झाला,
बर्फ मात्र अजून तासाभरात राखाडी होतो.
आमच्या दारावर पाटी नाही.
कागदाचा एक बाण आहे, कुणी कधी चिकटवलेला,
एक टोक सुटून आता
खाली मान घालून लोंबतो,
जणू जमिनीच्या पोटात जायला सांगतोय.
तसं खरंच आहे. पंधरा पायऱ्या, कठडा सैल.

चौथ्या फेरीला बूट थांबले.
हातात लोखंडी पेटी, टोपी भुवयांपर्यंत.
"इथे काही दुरुस्तीचं काम होतं म्हणे?"

आम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं.
रेडिएटरचं विचारलं की
पाद्रीबाबा नोव्हेंबरपासून म्हणतायत, बघू, बघू.
"आहे ना," मी म्हटलं,
"कधीची वाट बघतोय."

आठ खुर्च्या, सात माणसं,
कुणाच्याच अंगावरून कोट उतरलेला नाही.
तो खिडकीखाली गुडघ्यावर बसला,
लोखंडाला कान लावला,
बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाहिलं.
"हवा अडकलीय," म्हणाला.
"पाणी यायला तयार आहे,
आत जागाच नाही त्याला."

लुत्सिनाने चष्मा काढला, पुसला,
परत घातला.

आधी एक सुस्कारा, मग फुरफुर,
मग काळं पाणी, मांडीवरच्या फडक्यावर.
किल्ली त्याच्या हातून दोनदा पडली.
ती थरथर आम्हाला तोंडपाठ आहे.
थंडीची थरथर खांद्यांपासून येते,
ही बोटांत सुरू होते आणि बोटांतच राहते.
म्हातारा विन्त्सेंती उठला,
न बोलता फडक्याचं दुसरं टोक धरून उभा राहिला.
चाळीस वर्षं कोळसा उपसलेला माणूस,
एक फडकं धरून.

काम झालं. पेटी मात्र बंद होईना.
एक एक पाना पुसला त्याने,
उजवीकडचा डावीकडे ठेवला,
डावीकडचा उजवीकडे,
मग पुन्हा होते तसे.

"किती झाले?" मी विचारलं.
पाकीट उघडून बसले होते मी,
पैशांचंच विचारत होते.

"तीन," तो फरशीला म्हणाला.
"उद्या सकाळी सहाला चार होतील."

रेडिएटर टकटक करत तापत होता.
मी पाकीट मिटलं.
कप पुढे सरकवला, साखर विचारली नाही,
तीन दिवसांच्या माणसाला साखर लागतेच.

मी बोगुमिला, असं मी दर गुरुवारी म्हणते.
इतक्या वर्षांत कुणी विसरत नाही,
विसरते ती मीच.
नंतर लुत्सिना, नंतर विन्त्सेंती.
आठव्या खुर्चीपाशी सगळे थांबले.
तो नाव सांगून गप्प झाला, झेनॉन,
आणि पेटी मांडीवर घट्ट धरून बसून राहिला,
गाडी सुटायची असल्यासारखा.

पुढच्या गुरुवारी आला नाही.
पाणी मी आठ कपांचंच ठेवलं. एक कप सांडला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी
दुपारीच किल्ल्या घेऊन मी एकटी खाली गेले,
रेडिएटरची झडप पिळून बंद केली.
संध्याकाळी सगळे कुडकुडत होते,
विन्त्सेंती माझ्याकडे बघून मिशीत हसत होता.

सव्वासहाला पायऱ्यांवर लोखंड वाजलं.
"चालतोय ना नीट, बघायला आलो."
"कुठला चालतोय! हात लावून बघ."

त्याने हात लावला. खाली वाकला.
झडप पाहिली. मला पाहिलं.
काही बोलला नाही.
पेटी न उघडता, नुसत्या हाताने
झडप मोकळी केली,
आणि उठून, खुर्चीच्या पाठीवर,
कोट काढून ठेवला.